‘रोदिना’ कोणाची?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या गांवच्या व्याख्यानमालेंत एका बहुश्रुत गृहस्थांचें स्लाव्ह राष्ट्रांच्या अंतरंगावर व्याख्यान झालें. गृहस्थ प्राग, वॉर्सा व मॉस्को ह्या तिन्ही राजधान्या पाहून आलेले. वाणी ओघवती, पाठांतर दांडगें, आणि सभागृह सुशिक्षित श्रोत्यांनीं भरलेलें. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा होता कीं, रशियन, युक्रेनियन, पोलिश व झेक हे लोक वरवर कितीहि भांडोत, त्यांचें हृदय एक आहे. प्रमाण म्हणून त्यांनीं एकच शब्द पुढें केला : ‘रोदिना’. हा शब्द ह्या सर्व भाषांत आहे. त्याचें मूळ ‘रोद’, म्हणजे जन्म, कूळ. रशियन मनुष्य आपल्या देशाला जें नांव देतो तेंच झेक मनुष्य आपल्या कुटुंबाला देतो. म्हणून स्लाव्ह मनाला देश आणि घर हा भेद ठाऊकच नाहीं. आणि म्हणून २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर जी स्वारी केली ती घरांतली भाऊबंदकी असून आपण परक्यांनीं तींत तोंड घालूं नये. अशी ही उतरंड. टाळ्या पुष्कळ पडल्या. मींहि सभ्यतेखातर दोन वाजविल्या, आणि घरीं पोचेपर्यंत त्यांचा मला पश्चात्ताप झाला. हा लेख त्या पश्चात्तापांतून निघालेला आहे.

त्या गृहस्थांशीं माझें वैर नाहीं, आणि त्यांचें नांव घेण्याचें कारणहि नाहीं. कारण हा तर्क त्यांचा एकट्याचा नव्हे. शब्दाचें मूळ एक, म्हणून शब्द एक. शब्द एक, म्हणून मन एक. मन एक, म्हणून घर एक. आणि घर एक म्हटलें कीं त्यांत कर्ता पुरुष एकच असावयाचा व तो अर्थातच सर्वांत थोरला असावयाचा. हा युक्तिवाद गेलीं जवळजवळ दोनशें वर्षें युरोपच्या पूर्वार्धांत निरनिराळे पोशाख घालून हिंडत आहे. त्याची पहिली पायरी खरी आहे, दुसरी अर्धी खरी आहे, आणि तिसऱ्या पायरीवर पाय ठेवणारा जिन्यावरून खालीं येतो. दुःख इतकेंच कीं, तो एकटा पडत नाहीं, शेजाऱ्याला घेऊन पडतो.

ह्या शब्दानें मला स्वतःला एकदां चांगलेंच फसविलें आहे, तें आधीं सांगून टाकतों. विद्यार्थिदशेंत मी हौसेनें रशियन शिकलों. पुढें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आयुष्य गेलें, परंतु ती हौस सुटली नाहीं, आणि चाळिशींत मीं झेक भाषेचें एक प्राथमिक पुस्तक हातीं घेतलें. त्याच सुमारास एका परिषदेंत भेटलेल्या एका झेक प्राध्यापकांशीं माझा पत्रव्यवहार सुरू झाला. माझा अभ्यास तपासण्यासाठींच कीं काय, त्यांनीं एका इंग्रजी पत्राच्या शेवटीं एक ओळ झेक भाषेंत लिहिली : आपली ‘रोदिना’ कशी आहे? रशियनच्या जोरावर मीं अर्थ लावला, आणि त्या सद्गृहस्थांना भारताची लोकसंख्या, पावसाची अनिश्चितता, लोकशाहीचे गुणदोष व शिक्षणाची दुरवस्था ह्यांवर चार पानें लिहून पाठविलीं. उत्तर आलें त्यांत मोठ्या अदबीनें लिहिलें होतें कीं, माहिती फार उद्बोधक आहे, परंतु पत्नी व मुलें ह्यांची प्रकृति कशी आहे तें मात्र कळलें नाहीं. व्याख्याते गृहस्थ ह्यावर म्हणतील, ‘पाहा, देश आणि घर एकच!’ मी म्हणतों, माझ्या झेक मित्राला तसें वाटलें नाहीं. आणि भाषा त्याची होती.

वस्तुस्थिति अशी आहे. ‘रोद’ ह्या प्राचीन स्लाव्ह शब्दाला ‘इना’ हा प्रत्यय लागून ‘रोदिना’ झाला. अर्थ ढोबळ मानानें ‘जन्माशीं वा कुळाशीं संबद्ध असलेलें कांहीं’ एवढाच. हें ‘कांहीं’ म्हणजे काय, तें ज्या त्या भाषेनें आपापल्या घरीं ठरविलें. रशियनमध्यें ‘रोदिना’ म्हणजे जन्मभूमि, मातृभूमि. बल्गेरियनमध्यें तोच अर्थ, आणि १९६४ पासून बल्गेरियाचें राष्ट्रगीत असलेल्या गीताच्या नांवांतच हा शब्द आहे. परंतु झेक व स्लोव्हाक भाषांत ‘रोदिना’ म्हणजे आईबाप, मुलेंबाळें, कुटुंब. पोलिशमध्यें हाच शब्द ‘रोजिना’ असा उच्चारतात, आणि अर्थ पुन्हां कुटुंब. युक्रेनियनमध्येंहि कुटुंबच, फक्त तेथें आघात दुसऱ्या स्वरावर पडतो, रशियनमध्यें पहिल्यावर. सर्बियन मनुष्य कुटुंबाला ‘पोरोदित्सा’ म्हणतो, म्हणजे मूळ तेंच पण घडण निराळी; आणि स्लोव्हेनियन तर ‘द्रुझिना’ म्हणतो, जो शब्द रशियन इतिहासांत राजाच्या सशस्त्र अनुचरांना लावितात व पोलिशमध्यें खेळाडूंच्या संघाला. मग पोल मनुष्य आपल्या देशाला काय म्हणतो? ‘ओयचिझ्ना’, पित्यापासून निघालेला शब्द, ज्याचा जुना अर्थ वडिलोपार्जित मिळकत. युक्रेनियन ‘बात्किव्श्चिना’ म्हणतो. तोहि पित्यापासूनच निघालेला, आणि त्यालाहि मिळकतीचा जुना अर्थ आहेच. हे दोन्ही शब्द बापाचें नांव घेऊन जन्मले आणि व्याकरणानें स्त्रीलिंगी झाले, ही त्यांतली गंमत.

म्हणजे ज्या दोन भाषांच्या एकत्वाविषयीं सर्वांत मोठा आवाज होतो, त्या रशियन व युक्रेनियन भाषाच ह्या शब्दाच्या बाबतींत एकमेकींपासून दूर उभ्या आहेत. युक्रेनियन ही पोलिश, झेक व स्लोव्हाक ह्यांच्या पंक्तीला बसते, आणि रशियनचा सोबती शोधावयास काळा समुद्र ओलांडून बल्गेरियांत जावें लागतें. एका शब्दावरून नकाशे काढूं नयेत हें खरें. पण ज्यांनीं तसा नकाशा काढला आहे, त्यांनीं निदान तो एक शब्द तरी नीट वाचावयास नको काय?

येथें व्युत्पत्तिवादी उठून उभा राहतो. तो म्हणतो, ‘आजचे अर्थ कांहींहि असोत, मूळ अर्थ एक होता, आणि तोच खरा.’ मूळ अर्थाचा हा हव्यास आमच्या सुशिक्षितांचेंहि आवडतें व्यसन आहे, म्हणून त्याच्याशीं थोडें सविस्तर बोललें पाहिजे. मूळ अर्थ तोच खरा मानला, तर ‘रोदिना’च्या बाबतींत खरा कोण ठरतो? देश हा मूळ अर्थ नव्हे, आणि पति, पत्नी व दोन मुलें हाहि नव्हे. खुद्द रशियनमध्येंच ह्या शब्दाचें अनेकवचनी रूप बाळंतपण व त्या निमित्तानें होणारा समारंभ ह्या अर्थीं चालत आलें आहे. जन्म, जन्माचें ठिकाण, जन्मानें जोडलेलीं माणसें, अशा तीन वाटा एका उंबऱ्यांतून फुटतात, आणि तिन्ही सारख्याच सरळ आहेत. हें समजावयास मराठी वाचकाला प्रागला जावें लागत नाहीं. ‘संसार’ हा शब्द आम्ही आणि आमचे हिंदी भाषिक बंधु एकाच घरून घेऊन आलों. हिंदींत तो सारें जग व्यापतो. आमच्याकडे तो चूल, पाळणा आणि वाण्याची उधारी एवढ्यावर भागवितो. ‘शिक्षा’ हिंदी मुलाला शाळेंत मिळते आणि मराठी मुलालाहि शाळेंतच मिळते, परंतु दोघे घरीं येऊन जें सांगतात तें एक नसतें. ह्यांत कोणी शब्द बिघडविला नाहीं. ‘संसार’ म्हणजे मुळांत सरकणें, फिरणें. रोजच्या बोलण्यांत त्या अर्थानें तो दोघांपैकीं कोणीच वापरीत नाहीं. मूळ अर्थाचा खटला भरावयाचाच तर दोघांवरहि भरावा लागेल, आणि साक्षीदार म्हणून पाणिनीला बोलवावें लागेल.

‘रोदिना’हूनहि बोलका असा त्याच घराण्यांतला दुसरा एक शब्द आहे, आणि व्याख्यात्यांनीं तो घेतला नाहीं ह्याचें मला नवल वाटलें, कदाचित् तो त्यांच्या कामाचा नसावा. शब्द ‘व्लास्त’. रशियन, बल्गेरियन, सर्बियन ह्या भाषांत त्याचा अर्थ सत्ता, अंमल, हुकमत. झेक व स्लोव्हाक भाषांत त्याचा अर्थ स्वदेश. बेड्रिख स्मेताना ह्या झेक संगीतकारानें १८७४ ते १८७९ ह्या काळांत, ऐकूं येणें बंद झालेलें असतांना, सहा वाद्यवृंदरचनांची जी माला पुरी केली तिचें नांव ‘मा व्लास्त’, म्हणजे माझा देश. केवळ रशियन जाणणाऱ्याच्या कानांवर तें ‘माझी सत्ता’ असें पडतें. पोलिशमध्यें हाच शब्द ‘व्वोश्च’ होऊन जमीनदाराची इस्टेट झाला, आणि त्यावरून ‘व्वोश्चानिन’ म्हणजे त्या इस्टेटीवर राबणारा शेतकरी. खुद्द रशियनमध्यें ह्याचीं रूपें दोन : धर्मग्रंथांच्या जुन्या स्लाव्ह भाषेकडून आलेलें ‘व्लास्त’ म्हणजे सत्ता, आणि देशी वळणाचें ‘वोलोस्त’ म्हणजे कांहीं खेड्यांचा मिळून झालेला महाल. एके ठिकाणीं जो शब्द राजाच्या हातांतला दंड आहे, तोच दुसऱ्या ठिकाणीं कुणब्याच्या हातांतला नांगर झाला आहे.

अंमल, मग अंमलाखालचा प्रदेश, मग आपला प्रदेश, मग आपलें गांव, हा प्रवास आम्हांलाहि अपरिचित नाहीं. अरबी ‘मुल्क’ म्हणजे राज्याधिकार. मराठींत त्याचा ‘मुलूख’ झाला आणि त्यावर घोडीं दौडूं लागलीं. मुंबईस पोटासाठीं आलेला उत्तरेकडचा मजूर ‘मुलुक’ म्हणतो तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें राज्याधिकार नसतो, गांवची वेस असते. त्याला जर कोणी पंडितानें सांगितलें कीं, ‘बाबा, तूं मूळ अर्थानें सार्वभौमत्व मागत आहेस,’ तर तो हंसेल आणि गाडीची वेळ विचारील.

आतां ह्याच ‘व्लास्त’वरून उलट दिशेची चूक करणारेहि आहेत, आणि त्यांची बाजू माझ्या बाजूसारखी दिसते म्हणून त्यांना येथेंच दूर केलेलें बरें. ते म्हणतात, झेक मनुष्याला मातीचें प्रेम आणि रशियन मनुष्याला सत्तेचें. पाहा, त्यांच्या शब्दांतच तें लिहिलें आहे! लढाई सुरू झाल्यापासून असल्या लेखांना ऊत आला आहे. हें लिहिणारे आणि ‘एक हृदय’वाले व्याख्याते सख्खे भाऊ आहेत. एकाला शब्दाच्या सारखेपणांत आत्मा दिसतो, दुसऱ्याला त्याच्या फरकांत. ‘व्लास्त’ म्हणजे सत्ता असें क्रोट लोकहि म्हणतात, मग त्यांचा आत्मा रशियन समजावयाचा काय? ‘ओब्लास्त’ हा शब्द रशियन व झेक दोघांतहि प्रदेशाला आहे, स्लोव्हेनियनमध्यें मात्र तो सत्तेला आहे. वीस लाखांच्या आसपास वस्तीच्या, आल्प्सच्या कुशींत गुरें राखणाऱ्या त्या लहानशा राष्ट्रावर आतां साम्राज्यतृष्णेचा आरोप ठेवावयाचा काय?

असल्या चमत्कारांच्या शोधांत किती घाई होते ह्याचें एक उदाहरण नेहमीं दिलें जातें. पोलिश ‘उरोदा’ म्हणजे सौंदर्य. रशियन ‘उरोद’ म्हणजे कुरूप, विद्रूप मनुष्य. मूळ तेंच ‘रोद’! झालें; पोलांचें सौंदर्य तें रशियनांचें कुरूपत्व, असें सुभाषित तयार. परंतु भाषाशास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण मतें ह्या दोन शब्दांचे उपसर्गच निराळे आहेत. रशियन शब्दांतला ‘उ’ हा एका प्राचीन सानुनासिक नकारार्थी उपसर्गाचा अवशेष आहे; रशियननें नाकांतला स्वर टाकला आणि तो साध्या ‘उ’सारखा दिसूं लागला. त्याच शब्दाचा जुना अर्थ वेडा, आणि त्याचें धाकटें भावंड ‘युरोदिवी’ म्हणजे देवासाठीं वेडें झालेलें माणूस. मॉस्कोचें तें रंगीबेरंगी घुमटांचें देऊळ अशाच एका देववेड्या वासिलीच्या नांवानें ओळखलें जातें. तेव्हां सौंदर्याचें कुरूपत्व झालें ही कथा मुळांत घडलीच नाहीं. दोन अनोळखी माणसें एकाच रंगाचा अंगरखा घालून रस्त्यांत भेटलीं, इतकेंच. झेकमध्यें मात्र ‘ऊरोदा’ म्हणजे शेतांतलें पीक, आणि त्याचें पोलिश सौंदर्याशीं नातें खरें आहे. पिकाला आणि रूपाला एकच शब्द पुरावा, ह्यांत कोणत्याहि शेतकऱ्याला नवल वाटणार नाहीं.

शब्दांचें नातें म्हणजे कांहींच नव्हे, असें माझें म्हणणें आहे असा समज मात्र होऊं नये. योसेफ युंगमान ह्या झेक पंडितानें १८३४ ते १८३९ ह्या काळांत पांच खंडांचा झेक-जर्मन कोश प्रसिद्ध केला, तेव्हां जर्मनच्या ओझ्याखालीं दबलेल्या आपल्या भाषेला उभें करण्यासाठीं त्यानें व त्याच्या मंडळानें रशियन व पोलिश बहिणींकडून मोकळ्या मनानें शब्द उसने घेतले. हवेला ‘व्झ्दुख’ आणि निसर्गाला ‘प्रशिरोदा’ हे आजचे रोजचे झेक शब्द त्याच वेळीं रशियनवरून आले. पण येथेंहि घेणाराच मालक झाला. ‘व्कुस’ हा रशियन शब्द जिभेची चव आणि कलेची अभिरुचि दोन्हींना चालतो; झेक भाषेनें तो घेतला आणि फक्त अभिरुचीला ठेवला, जिभेसाठीं आपला जुना ‘खुत्’च वापरला. बहिणीकडून उसनें आणलेलें विरजण होतें. दहीं ज्याच्या त्याच्या दुधाचें लागलें.

त्याच पिढींतला यान कोल्लार हा स्लोव्हाक कवि व धर्मोपदेशक. त्यानें १८३७ सालीं जर्मन भाषेंत एक निबंध लिहून सर्व स्लाव्ह लोक एक राष्ट्र असून रशियन, पोलिश, झेकोस्लोव्हाक व इलिरियन ह्या त्याच्या चार बोली आहेत, असें मांडलें. त्याची अपेक्षा वाङ्मयीन देवघेवीची होती, राज्याची नव्हती; तो बिचारा सज्जन होता. पण युक्रेनियनचें नांव त्या चारांत नाहीं हें ध्यानांत ठेवावें. सज्जनांनीं केलेल्या याद्यांतून जें गळतें, तें पुढें दुर्जनांना सांपडतें. कोल्लारच्या स्वप्नावर पहिलें थंड पाणी ओतलें तेंहि एका झेक माणसानेंच. कारेल हावलिचेक हा तरुण ह्याच स्लाव्ह ऐक्याच्या ओढीनें १८४३ सालीं मॉस्कोस शिक्षक म्हणून गेला, वर्षभर राहिला आणि परत येऊन १८४६ सालीं त्यानें ‘स्लाव्ह आणि झेक’ ह्या नांवाचा लेख लिहिला. त्याचें तात्पर्य : मी झेक आहें, स्लाव्ह नव्हे. मूळ भाषेचें प्रेम घेऊन गेलेला मनुष्य जिवंत भाषेचा अभिमान घेऊन परतला. आमच्या व्याख्यात्यांनींहि मॉस्को पाहिलें आहे. पण हावलिचेकनें तेथें वर्ष काढलें, आणि त्यांनीं बहुधा आठवडा.

आतां ह्या युक्तिवादाचें फळ पाहूं, कारण येथपर्यंतचा वाद पंडितांच्या ओसरीवरचा वाटण्याचा संभव आहे. १८६३ च्या जुलैंत रशियन साम्राज्याचे गृहमंत्री वालुयेव ह्यांनीं एक परिपत्रक काढलें. युक्रेनियन अशी स्वतंत्र भाषा कधीं नव्हती, नाहीं व असूं शकत नाहीं, ती रशियनचीच बिघडलेली बोली आहे, अशा मताचा हवाला देऊन धर्माचीं, शाळेचीं व सामान्य जनांसाठीं लिहिलेलीं पुस्तकें तींत छापण्यास त्या परिपत्रकानें बंदी घातली. १८७६ च्या मेमध्यें सम्राट दुसऱ्या अलेक्झांडरनें जर्मनींतील एम्स ह्या आरोग्यस्थानीं मुक्काम असतांना ती बंदी आणखी आवळली : बाहेरून पुस्तकें आणावयाचीं नाहींत, नाटकें करावयाचीं नाहींत, स्वरलेखनाखालीं गाण्याचे शब्दसुद्धां छापावयाचे नाहींत. आंघोळीच्या झऱ्यावर बसून एका भाषेचें तोंड बंद करण्याचें हें उदाहरण इतिहासांत एकमेव असावें. आणि ह्याच्या बुडाशीं काय होतें? तोच तर्क : मूळ एक, म्हणून भाषा एक, भाषा एक, म्हणून जें निराळें तें बिघडलेलें. १९०५ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या शास्त्रपरिषदेनें ह्या बंदीविरुद्ध आपला अभिप्राय दिला. तो देणाऱ्यांत कोर्श होते, शाख्मातोव होते. शाख्मातोव म्हणजे रशियन भाषेच्या इतिहासाचा त्या काळचा सर्वश्रेष्ठ पंडित. ज्यानें शब्दांच्या मुळांत सर्वांत खोल बुडी मारली होती, त्याला त्या मुळांत बंदीला आधार सांपडला नाहीं. तो सांपडतो तो काठावर उभे राहून पाण्याचें वर्णन करणाऱ्यांना. १२ जुलै २०२१ रोजीं रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनीं स्वतःच्या सहीनें एक दीर्घ लेख प्रसिद्ध करून रशियन व युक्रेनियन हे एकच लोक आहेत असें पुन्हां मांडलें. सात महिन्यांनीं रणगाडे निघाले.

‘रोदिना म्हणजे कुटुंब, म्हणून देश म्हणजे घर’ असें म्हणणाऱ्यांनीं आणखी एक कागद वाचावा. क्रांतीनंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत सोव्हिएट राज्यकर्त्यांना ‘रोदिना’ हा शब्द जुनाट वाटे. तो सन्मानानें परत आला तो १९३४ च्या आसपास, आणि ८ जून १९३४ च्या हुकुमानें ‘रोदिनेशीं द्रोह’ हा स्वतंत्र अपराध झाला. सैनिक परदेशीं पळून गेला आणि घरच्यांना तें ठाऊक असून त्यांनीं कळविलें नाहीं, तर त्यांना पांच ते दहा वर्षें कैद; आणि ज्यांना ठाऊकच नव्हतें परंतु जे त्याच्या घरांत राहत किंवा त्याच्यावर अवलंबून होते, त्या प्रौढांना पांच वर्षें सैबेरियांत हद्दपारी. १९३७ च्या ऑगस्टांत गुप्त पोलिसांच्या हुकुमानें द्रोही ठरविलेल्यांच्या बायकांना पांच ते आठ वर्षांसाठीं छावण्यांत घालण्याची व मुलांना अनाथालयांत पाठविण्याची व्यवस्था झाली. कझाकस्तानांत अक्मोलिन्स्कजवळ, म्हणजे आजच्या अस्तानापासून थोड्या अंतरावर, अशा स्त्रियांची एक छावणीच होती. तेथें २००७ पासून स्मारक-संग्रहालय आहे. सरकारी दप्तरांत ह्या माणसांना चार अक्षरांचें एक संक्षिप्त नांव होतें, आणि त्याचा विस्तार ‘रोदिनेच्या द्रोह्याच्या कुटुंबाचा घटक’ असा. त्यांत ‘कुटुंब’ ह्यासाठीं रशियन शब्द आहे ‘सेम्या’. एकाच ओळींत ‘रोदिना’ आणि ‘सेम्या’ शेजारीशेजारी बसले आहेत, आणि पहिलीच्या नांवानें दुसरी उध्वस्त होत आहे. हीच ओळ एखाद्या पोलला वा झेकला त्याच्या भाषेच्या कानानें वाचावयास दिली, तर ती ‘कुटुंबाच्या द्रोह्याच्या कुटुंबाचा घटक’ अशी निरर्थक होते. देश आणि घर हा भेद स्लाव्ह मनाला ठाऊक नाहीं म्हणे! तो त्या छावणींतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता.

ह्याचा दोष रशियन शब्दाच्या माथीं मारावा असें मला मुळींच वाटत नाहीं. त्याच रशियन भाषेंत ‘धाकटी रोदिना’ असा एक हळवा शब्दप्रयोग आहे, आणि त्याचा अर्थ ज्या खेड्यांत, ज्या गल्लींत आपण वाढलों ती जागा. परदेशीं परागंदा झालेल्या रशियन लेखकांच्या तोंडीं ‘रोदिना’ येते तेव्हां तीमध्यें हुकूम नसतो, हुंदका असतो. शब्द ज्याच्या तोंडीं असतो त्याचा असतो. दप्तरांतला कारकून आणि परागंदा कवि हे दोघेहि रशियन, आणि त्यांच्यांतहि तो एक राहिला नाहीं. मग सात-आठ राष्ट्रांत तो एक राहावा अशी अपेक्षा कशाच्या बळावर धरावयाची?

ह्या प्रकरणांत आमचाहि एक दोष आहे. माझ्या पिढीच्या मध्यमवर्गीय घरांत सोव्हिएट प्रकाशनसंस्थांचीं स्वस्त, देखणीं पुस्तकें होतीं. इंग्रजींत होतीं, मराठींतहि होतीं. त्यांचें ऋण मी नाकारीत नाहीं. माझी रशियनची हौस त्यांतूनच निघाली. परंतु युक्रेनची लोककथा असो कीं लिथुएनियाची, ती आमच्याकडे मॉस्कोच्या टपालानें आली, आणि पाकिटावरचा शिक्का आम्ही मजकुराचाच भाग समजलों. परिणाम असा झाला कीं, रशियन अर्थ तो आम्हांला ‘अर्थ’ वाटतो, आणि पोलिश, झेक, युक्रेनियन हे त्याचे पाठभेद. ‘झेकमध्यें रोदिना म्हणजे चक्क कुटुंब!’ असें आम्ही कौतुकानें सांगतों. ‘रशियनमध्यें रोदिना म्हणजे चक्क देश!’ असें कौतुक कोणी करीत नाहीं. त्या सभागृहांतल्या टाळ्या ह्याच संवयीच्या होत्या. माझ्या दोन टाळ्याहि त्यांतच धरा.

कीव्ह शहरांत नीपर नदीच्या काठीं १९८१ सालीं तरवार व ढाल उंच धरलेली एका स्त्रीची पोलादी मूर्ति उभारली गेली. रशियनमध्यें तिचें नांव ‘रोदिना-मात’, मातृभूमिमाता. हे शब्द जसेच्या तसे युक्रेनियनमध्यें नेले असते तर ‘कुटुंबमाता’ असा घरगुती प्रकार झाला असता, म्हणून सोव्हिएट अमदानींतहि तेथें ‘बात्किव्श्चिना-माती’ असेंच म्हणावें लागलें. २०२३ च्या ऑगस्टांत तिच्या ढालीवरचा विळा-हातोडा काढून युक्रेनचें त्रिशूळचिन्ह बसविण्यांत आलें, आणि तेव्हांपासून तिला ‘युक्रेनमाता’ म्हणतात.

अनुवादकांना मात्र ह्यांतलें सर्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण त्यांना रोज हिशेब द्यावा लागतो. स्मेतानाची ती संगीतमाला रशियांत वाजवितात तेव्हां तिच्या नांवांतला ‘व्लास्त’ रशियन भाषेंत असूनहि तो तसाच ठेवीत नाहींत. रशियनमध्यें तिचें रूढ नांव आहे ‘मोया रोदिना’. तें नांव कोणी जसेंच्या तसें उचलून प्रागच्या भिंतीवर लावलें, तर तिकिटें काढणारे झेक लोक एखाद्या गृहस्थाच्या बायकामुलांचा कार्यक्रम पाहावयास आल्यासारखे येतील.